खानदेशातून नीलगिरीच्या चहामळ्यांत, स्वतःच्या गाडीने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारहून गाडी घेऊन दक्षिणेतला चहाचा डोंगर बघायला निघणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. अंतरं, वेळा आणि प्रमाणं घरची चारचाकी, चार माणसं आणि त्यांचं सामान असं धरून दिली आहेत.

चहाचे मळे बघायला नीलगिरीच का? मुन्नार का नको?

मुन्नार सुंदरच आहे, पण ऊटीपासून मेट्टुपाळयम, कोइंबतूर, उदुमलपेट, मरयूर असं फिरून जायला आणखी एक अख्खा दिवस लागतो आणि परतीलाही तेवढाच. दहा दिवसांच्या सुट्टीत खानदेशातून दोन्ही करायला गेलं की सुट्टी गाडीतच संपते. शिवाय मुन्नारजवळचं एराविकुलम राष्ट्रीय उद्यान फेब्रुवारी-मार्चमध्ये नीलगिरी ताहर या रानशेळीच्या विणीसाठी बंद असतं. म्हणजे आपल्याकडची सोयीची वेळ नेमकी तिथली बंदची. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नीलगिरीचा एकच जिल्हा धरावा : गुडलूर, ऊटी, कुन्नूर, कोटागिरी. चहा इथे चार वेगवेगळ्या उंचींवर बघायला मिळतो.

रस्ता कोणता आणि अंतर किती?

जळगाव ते ऊटी सुमारे १,३०० किमी. जळगावकरांनी पहूर, फर्दापूर, सिल्लोडमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठावं (सुमारे १६० किमी). धुळेकरांनी चाळीसगाव आणि कन्नड घाटातून यावं (सुमारे १५० किमी). या घाटात अवजड वाहनांना बंदी आहे, छोट्या गाड्यांना अडचण नाही. नंदुरबारकरांनी आधी धुळे गाठावं, म्हणजे साधारण ९५ किमी जास्त धरावे.

संभाजीनगरपासून सगळ्यांचा रस्ता एकच. राष्ट्रीय महामार्ग ५२ ने बीड, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, विजयपूर. तिथून महामार्ग ५० ने होसपेट आणि चित्रदुर्ग. पुढे हिरियूर, हुळियार, नागमंगलमार्गे म्हैसूर. बंगळुरूत शिरायचं नाही. नकाशाचं अ‍ॅप कधीकधी बंगळुरूवरून नेतं, कारण तो रस्ता रुंद आहे. पण शहर ओलांडण्यात जो वेळ जातो तो त्या रुंदीने भरून निघत नाही.

म्हैसूरहून नंजनगूड, गुंडलुपेट, बंदीपूरचं जंगल, मग तामिळनाडूत मुदुमलै आणि वर ऊटी.

किती दिवसांत पोहोचावं?

तीन मुक्काम करून चौथ्या दिवशी दुपारपर्यंत.

पहिला दिवस जळगाव ते सोलापूर, ४७० किमी. पहाटे पाचला निघालात तर दुपारी चारच्या आत पोहोचता. तुळजापूरला दर्शनाला थांबायचं असेल तर मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र टाळा, नाहीतर तिथेच संध्याकाळ होते. दुसरा दिवस सोलापूर ते चित्रदुर्ग, ४४५ किमी. तिसरा दिवस चित्रदुर्ग ते म्हैसूर, सुमारे २३५ किमी. हा दिवस मुद्दाम छोटा ठेवला आहे. दुपारी गाडी उभी करून टायरची हवा, ब्रेक ऑइल, कूलंट बघा आणि झोपा. चौथ्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला म्हैसूर सोडा.

लोक नेमका हाच मुक्काम वाचवायला बघतात. चित्रदुर्गहून थेट ऊटी धरली की जंगलाच्या फाटकाशी संध्याकाळ होते आणि घाटात अंधार, धुकं, दमलेला चालक आणि तापलेली गाडी हे सगळं एकत्र येतं. बाकी कुठेही काटकसर करा, या एका रात्रीत करू नका.

रात्रीचा प्रवास करून एक दिवस वाचवता येणार नाही का?

बंदीपूर आणि मुदुमलैच्या जंगलातून जाणारा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. हत्ती, गवे, हरणं रात्री याच रस्त्यावर येतात. पावणेनऊला फाटकावर पोहोचून आत सुटलात तरी पुढचा घाट रात्रीच चढावा लागतो. म्हणून नाही.

दिवसाही जंगलात गाडी थांबवायची नाही, काच खाली घेऊन फोटो काढायचे नाहीत, माकडांना केळी द्यायची नाहीत. आपल्या गाडीत केळी असणारच, ती डिकीत ठेवा. हत्ती रस्त्यात दिसला तर मागेच अंतर ठेवून थांबा आणि इंजिन चालू राहू द्या. हॉर्न वाजवू नका, हेडलाइट मारू नका.

मसिनगुडीचा जवळचा रस्ता घ्यावा की गुडलूरचा लांबचा?

मुदुमलैत तेप्पकाडूला रस्ता फुटतो. डावीकडचा मसिनगुडी आणि कलहट्टीमार्गे ऊटीला जातो, अंतर कमी. पण कलहट्टीच्या घाटात ३६ हेअरपिन वळणं आहेत. प्रत्येक वळणावर तमिळमध्ये ‘कोंडै ऊसि वळैवु’ अशी पाटी आणि खाली १/३६, २/३६ असा आकडा असतो. चढ इतका उभा आहे की भरलेली छोटी गाडी बऱ्याच ठिकाणी पहिल्याच गिअरमध्ये चालते. या घाटाने बाहेरच्या गाड्यांना खाली उतरायला मनाई आहे, आणि ती योग्य आहे. ब्रेक निकामी होऊन इथे अनेक अपघात झाले आहेत.

उजवीकडचा रस्ता गुडलूरहून नडुवट्टम, पायकारा करत ऊटीला जातो. सुमारे ३० किमी जास्त, पण चढ सौम्य आणि रस्ता रुंद. शिवाय मसिनगुडीकडचं रान कोरडं आणि काटेरी, तर गुडलूर ते नडुवट्टम या पट्ट्यात चहा अगदी रस्त्याला लागून आहे. चहा बघायला निघालेल्या माणसाने चहा नसलेला रस्ता का धरावा? जाताना आणि येताना दोन्ही वेळा गुडलूरच घ्या.

ई-पास म्हणजे काय? तो नसेल तर परत पाठवतात का?

हो, नाक्यावर अडवतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून नीलगिरी जिल्ह्यात आणि कोडाईकनालला जाणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो. तो फुकट आहे. तामिळनाडू शासनाच्या ई-पासच्या संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक, गाडीचा नंबर, माणसांची संख्या, येण्या-जाण्याच्या तारखा आणि मुक्कामाचा पत्ता भरला की क्यूआर कोड मिळतो.

२०२५ च्या एप्रिलपासून उन्हाळी गर्दीसाठी रोजच्या गाड्यांवर मर्यादाही आली : सोमवार ते शुक्रवार ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,०००. त्यामुळे मे महिन्यातला शनिवार धरून निघालात तर पास संपलेला असू शकतो. मंगळवार-बुधवारी चढा.

चुका दोनच होतात. पहिली, गाडी ऐनवेळी बदलते आणि पासवर जुना नंबर राहतो. दुसरी, नाक्यावर पोहोचल्यावर पास उघडायला जातात आणि जंगलात रेंज नसते. म्हैसूरलाच स्क्रीनशॉट काढा आणि एक छापील प्रत काचेमागे ठेवा.

प्लास्टिकची इतकी तपासणी खरंच होते का?

होते. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या आणि एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक या जिल्ह्यात चालत नाही. डिकी उघडायला लावतात आणि दंडही करतात. घरूनच स्टीलच्या बाटल्या आणि एक मोठा पाण्याचा कॅन घ्या. वर रस्त्याकडेला पाणी भरून घेण्याची यंत्रं आहेत.

कोणत्या महिन्यात जावं?

जानेवारीचा मध्य ते मार्च. हवा स्वच्छ, रस्ते कोरडे, गर्दी कमी.

दिवाळीच्या सुट्टीबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण खानदेशातून सगळ्यात जास्त गाड्या तेव्हाच निघतात. आपल्याकडे पाऊस संपलेला असतो म्हणून तिकडेही संपला असेल असं वाटतं. नीलगिरीवर दोन पाऊस पडतात. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तो गुडलूर आणि पश्चिम उतारावर जास्त. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा, तो कुन्नूर-कोटागिरीच्या पूर्व उतारावर जास्त. म्हणजे दिवाळीत कुन्नूर-मेट्टुपाळयम घाटाचा ऐन पावसाळा. दरड पडते, रस्ता बंद होतो, डोंगरी रेल्वे रद्द होते. दिवाळीतच जायचं असेल तर गुडलूरने चढा, गुडलूरनेच उतरा, आणि परतीला एक दिवस मोकळा ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत ऊटीच्या सखल भागात पहाटे दव गोठतं. ज्या मळ्यावर गोठतं तिथली कोवळी पानं करपून तपकिरी होतात. असा मळा दिसला तर तो रोग नाही, थंडीने भाजलेला आहे. मे महिन्यात जाणाऱ्यांनी जळगाव पहाटे चारला सोडावं. ४४-४५ अंशांत दुपारी महामार्गावर टायर तापून फुटण्याचा धोका असतो, जुने किंवा हवा कमी असलेले टायर आधी फुटतात.

गाडीचं काय काय तपासून घ्यावं?

आपली जमीन सपाट. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर, ऊटी सुमारे २,२४०. वर्षभर सपाटीवर चालणाऱ्या गाडीत जे दोष दिसत नाहीत ते घाटात एका तासात दिसतात.

ब्रेक ऑइल. हे तेल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा वाढला की त्याचा उकळण्याचा अंश खाली येतो. लांब उतारावर ब्रेक तापतात, तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघण्यापूर्वी पूर्ण बदला. नुसतं वरून भरून काही होत नाही. ब्रेक पॅड ३ मिमीपेक्षा पातळ असतील तर तेही बदला.

कूलंट. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये नळाचं पाणी टाकत राहण्याची सवय आपल्याकडे फार आहे. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार बसतात, साध्या पाण्याचा उकळण्याचा अंशही कमी असतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर झाकण नवं घ्या. तेवढ्यासाठी अख्खं इंजिन गरम होतं.

क्लच. उभ्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलताना इंजिन ओरडतं पण गाडी हलत नाही, असं होत असेल तर प्लेट संपत आली आहे. ही परीक्षा घराजवळच घ्या. सामान आणि माणसं भरून एकदा कन्नड घाट किंवा तोरणमाळ चढून-उतरून या. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, रस्ता वळणांचा आहे. तिथे जी कुरबुर होईल ती नीलगिरीत दुप्पट होणार.

याशिवाय स्टेपनीत हवा, जॅक-पाना, वायपरचे ब्लेड आणि धुक्यासाठी चालू स्थितीतले मागचे दिवे. चाकामागे लावायला लाकडाचे दोन ठोकळे घ्या, त्यांचं काम पुढे येईल.

सीएनजी गाडी चालेल का?

चालेल, पण घाट पेट्रोलवर चढा. सीएनजीवर इंजिनाची ताकद कमी पडते आणि सिलिंडरचं वजन मागे असतं ते वेगळंच. डोंगरात सीएनजी मिळेल असं धरू नका. पेट्रोलची टाकी म्हैसूरला पूर्ण भरा. सिलिंडरच्या चाचणीची मुदत संपली असेल तर ती निघण्याआधी करून घ्या.

घाट चढण्या-उतरण्याची नेमकी पद्धत काय?

चढताना : वळणाच्या आधी गिअर खाली घ्या, वळणात नाही. हेअरपिनमध्ये वळण अर्ध्यावर असताना गिअर बदलायला गेलं की गाडी बंद पडते आणि मागे सरकते. हाफ क्लचवर गाडी रोखून धरू नका, हँडब्रेक ओढा आणि मग उचला. जळकट वास आला तर तो बहुतेक क्लचचाच असतो. दहा मिनिटं थांबा. तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करा, त्याने इंजिनाची उष्णता थोडी आत खेचली जाते. इंजिन लगेच बंद करू नका आणि रेडिएटरचं झाकण तर अजिबात उघडू नका.

समोरून वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता रिवाज नाही, नियम आहे. चढावर थांबलेली भरलेली बस पुन्हा उचलणं किती अवघड असतं ते लक्षात घ्या.

उतरताना : ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा, कधी पहिला. गाडीचा वेग इंजिनाने धरायचा, ब्रेक फक्त वळणापूर्वी. ब्रेक पेडलवर पाय ठेवून सतत हलका दाब देणं सगळ्यात वाईट. दाबायचा तर नीट दाबा, वेग कमी करा आणि सोडा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो.

हिशेबच बघा. दीड टनाची गाडी कुन्नूरहून मेट्टुपाळयमला साधारण १,५०० मीटर खाली येते, तेव्हा जी ऊर्जा सुटते तिच्यात साडेआठ लिटर पाण्याची पूर्ण वाफ होईल. ही सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकवर टाकायची की इंजिनावर वाटायची, हे गिअरच्या दांड्यावर ठरतं.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे आणि इंजिन बंद करणारे अजून भेटतात. इंजिन बंद असताना ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पॉवर स्टीअरिंग जड होतं. शिवाय आजच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून पाय उचललेला असताना इंधन जवळजवळ बंदच असतं, म्हणजे बचतही होत नाही. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअल पर्याय वापरा, ‘डी’वर सोडून देऊ नका.

ब्रेकचा वास आला, धूर दिसला की रुंद जागी थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. अर्धा तास तसंच राहू द्या. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि ते लाकडाचे ठोकळे चाकांना लावा.

कागदपत्रं आणि टोल?

आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. डिजीलॉकरमधलं चालतं. एमएच १९, १८ किंवा ३९ च्या खाजगी गाडीला कर्नाटक-तामिळनाडूत फिरायला वेगळा वाहन कर नाही. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची असेल तर तिच्याकडे ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते आधी विचारा. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी नेमकं हेच कारण पुढे करते.

फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष अशी मुदत होती. हा राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, राज्यांच्या रस्त्यांवर नाही. जाण्या-येण्याचे टोल मोजले तर या एका सहलीतच त्याचा बराच भाग वसूल होतो.

इंधनाला किती लागेल?

जाणं-येणं २,६०० किमी आणि वर फिरणं ४००, एकूण ३,०००. लिटरला १६ किमी धरले तर सुमारे १९० लिटर. दर १०५ रुपये धरला तर वीस हजार. घाटात सरासरी पडते, म्हणून १६ च्या वर धरू नका.

एवढं चालवणं जमणार नसेल तर?

भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेसने बंगळुरू गाठा आणि तिथून गाडी घ्या. स्वतः चालवायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडीच घ्या, तीच भाड्याने देण्याची अधिकृत गाडी. तिच्या नंबरनेच ई-पास काढायचा हे विसरू नका.

खायला काय न्यावं?

दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. पहिले दोन दिवस सुखाने निघतात. कळण्याची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, ती पहिल्या दुपारीच संपवा. पुढे इडली-डोसा सगळीकडे मिळतो.

केळी वेफर्सची हवाबंद पाकिटं नेऊ नका. वर हवेचा दाब कमी असल्याने ऊटीला पोहोचेपर्यंत पाकीट उशीसारखं फुगतं आणि कधीकधी शिवणीवर फुटतं. वेफर्स स्टीलच्या डब्यात न्या, प्लास्टिकचाही प्रश्न मिटतो. त्याच कारणाने ऊटीला पाणी साधारण ९२-९३ अंशांनाच उकळतं. गॅस सोबत नेऊन डाळ शिजवणार असाल तर कुकर हवाच.

मुलांना वळणं लागतात, उलट्या होतात.

घाटाआधी दूध आणि तळलेलं देऊ नका, पोट अगदी रिकामंही ठेवू नका. मोबाइल काढून घ्या, नजर लांब रस्त्यावर राहू द्या, काच थोडी उघडी ठेवा. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि घाट सुरू होण्याच्या अर्धा-एक तास आधी.

मळ्यात आत जाता येतं का?

बहुतेक मळे खाजगी आहेत. रस्त्याकडेला उभं राहून बघायला कोणी अडवत नाही, पण ओळींत शिरण्याआधी विचारा. फवारणी झालेली असू शकते, आणि पावसाळ्यात जळवा असतात. संध्याकाळी कोटागिरी-कुन्नूर भागात गवे मळ्यात चरतात. चहाच्या झुडपांमागे बसलेला गवा दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. पानं खुडणाऱ्या बायकांचा फोटो त्यांना विचारूनच काढा. त्यांची मजुरी वजनावर अवलंबून असते, दहा मिनिटं उभं करणं म्हणजे त्यांचं काम बुडवणं.

मळा नीट बघायचा तर एका झुडपापाशी थांबा. वरचा भाग मेजासारखा सपाट दिसतो तो दर काही वर्षांनी केलेल्या छाटणीमुळे. न छाटलं तर चहा हे चांगलं उंच झाड आहे. खुडायची ती दोन पानं आणि मधली न उघडलेली कळी. कळीवर बारीक पांढरी लव असते, बोटाला मऊ लागते. खालचं तिसरं पान घेऊन मोडून बघा, त्याचा देठ चामट असतो, तोच चहात काड्या बनून येतो. मध्येमध्ये उभी असलेली उंच, चंदेरी पानांची झाडं म्हणजे सिल्व्हर ओक, सावलीसाठी लावलेली.

कारखान्यात काय बघावं?

ऊटीजवळ दोड्डबेट्टा रस्त्यावर आणि कुन्नूरला पर्यटकांसाठी खुले कारखाने आहेत. रविवार किंवा सणाला यंत्रं बंद असू शकतात, कामाच्या दिवशी जा.

पानं आधी लांब जाळीच्या हौदांवर १२ ते १८ तास वाळत घालतात. खालून हवा सोडतात, पान मऊ पडतं. मग सीटीसी (क्रश, टिअर, कर्ल) पद्धतीत पान दातेरी रुळांच्या जोड्यांतून लागोपाठ जातं : चुरडणं, फाडणं, वळणं. बाहेर येतो तो हिरवा ओला चुरा. तो हवेत पसरला की तासा-दीड तासात तांबूस होतो आणि कच्च्या गवताचा वास जाऊन सफरचंदासारखा वास येतो. चहाची चव इथे ठरते. कमी ठेवला तर तुरट-हिरवट, जास्त ठेवला तर बेचव. मग गरम हवेच्या यंत्रात ओलावा ३ टक्क्यांपर्यंत आणतात. साधारण साडेचार किलो हिरव्या पानांतून एक किलो चहा निघतो.

ऑर्थोडॉक्स पद्धतीत पान फाडत नाहीत, नुसतं वळतात. म्हणून ती पत्ती लांब, पिळदार असते.

इथून आणलेला महागडा चहा घरी पांचट का लागतो?

कारण ऑर्थोडॉक्स पत्ती आणून ती दुधात उकळली जाते. या पत्तीचा सुगंध उडून जाणारा आहे आणि रंग हळू उतरतो. उकळली की सुगंध जातो, कडूपणा राहतो आणि दुधापुढे रंगही टिकत नाही. तिच्यासाठी २०० मिली पाणी उकळून गॅस बंद करा, दोन-अडीच ग्रॅम पत्ती टाकून झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. दूध नको.

आपल्या घरच्या चहासाठी सीटीसीच घ्या, त्यातही बारीक दाणा. नीलगिरीची सीटीसी आसामपेक्षा पातळ आणि जास्त सुगंधी असते. ज्यांना कडक लागतो त्यांनी तीन भाग आसाम, एक भाग नीलगिरी असं मिसळावं. चार कपांसाठी ३०० मिली पाणी, ठेचलेलं आलं आणि गवती चहा टाकून दोन मिनिटं उकळा. मग १०-१२ ग्रॅम पूड, आणखी दोन मिनिटं, शेवटी ३०० मिली गरम दूध आणि एक उकळी. आलं आधी पाण्यात नीट उकळून घ्यायचं, कच्चं आलं दुधात पडलं की दूध फाटतं. बोअरच्या जड पाण्यात चहा गढूळ होतो आणि वर साय धरल्यासारखा तवंग येतो. गाळलेलं मऊ पाणी वापरलंत तर रंगातला फरक लगेच दिसेल.

खरेदीत फसवणूक कशी ओळखावी?

ओल्या गाळणकागदावर चिमूटभर पूड पसरा, वर थोडं पाणी शिंपडा, थोड्या वेळाने पूड झटकून कागद नळाखाली धरा. शुद्ध चहाचा कागदावर डाग राहत नाही, रंग लावलेल्याचा तांबूस-काळा राहतो. दाणे एकसारखे हवेत, काड्या कमी हव्यात. चॉकलेट, वेलची वगैरे वासाचे चहा घेऊ नका. वास वरून मारलेला असतो आणि आतली पूड बहुधा हलकी असते.

चार माणसांच्या घरात दिवसाला आठ कप म्हणजे २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम. दोन किलो तीन महिने पुरतो. त्याहून जास्त आणला तर जळगावच्या उन्हाळ्यात त्याचा वास उडून जातो.

चहा गाडीतून आणताना काय सांभाळावं?

वास. चहा आजूबाजूचा वास ओढून घेतो. नीलगिरीला गेलेला प्रत्येक जण निलगिरी तेलाची बाटली घेतोच. (ते झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, पण आपल्या भाषेत त्याला या डोंगराचंच नाव पडलं.) बाटली आणि चहा एका पिशवीत आले तर घरी पहिला कप सर्दीच्या औषधासारखा लागतो. तेल पुढे, चहा मागे, तोही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. लसणाची चटणी, मसाला आणि कापूर यांपासूनही दूर.

डोंगरी रेल्वे आणि गाडी दोन्ही कसं जमवावं?

मेट्टुपाळयम ते ऊटी ४६ किमीची ही रेल्वे २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मेट्टुपाळयम-कुन्नूर हा दात्यांच्या रुळाचा उभा टप्पा, त्याची तिकिटं फार आधी संपतात. सोपा मार्ग असा : घरची माणसं कुन्नूर ते ऊटी हा छोटा टप्पा रेल्वेने करतात, एक जण गाडी घेऊन ऊटी स्टेशनवर थांबतो.

चहाचं रोप आणून आपल्या शेतात लावलं तर?

जगणार नाही. चहाला आम्ल जमीन लागते, सामू ४.५ ते ५.५. आपली काळी कपाशीची जमीन चुनखडीची, सामू ७.५ च्या वर. अशा मातीत रोपाला लोह घेता येत नाही, पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यात एप्रिल-मेची कोरडी झळ. हौसच असेल तर एक रोप मोठ्या कुंडीत लावा, काळी माती न घालता कोकोपीट आणि कुजलेल्या पालापाचोळ्यात, उत्तरेच्या सावलीत, आणि पावसाचं साठवलेलं पाणी घाला. पावसाळ्यात नवी पालवी फुटेल, तिची कळी मुलांना दाखवता येईल.